शिक्षेपूर्वीचा प्रश्न

अपराध उघड दिसत असेल, तर अपराध्याचे म्हणणे ऐकून घेण्याची गरज उरते काय? हा प्रश्न न्यायालयातला वाटतो. पण महाविद्यालयांच्या कचेरीतही तो उभा राहतो. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापसाच्या चुकाऱ्यातून मुलांची फी भरणारे पालक आहेत. अशा घरातील मुलाला काढून टाकल्याचे एका ओळीचे पत्र आले, तर त्या ओळीने साऱ्या कुटुंबाचे कष्ट पुसले जातात.

मे २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड अकादमी ऑफ इंजिनिअरिंगमधील एका एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीने भारत-पाकिस्तान संघर्षाविषयीचा आक्षेपार्ह मजकूर समाजमाध्यमावर पुढे पाठवला. थोड्याच वेळात तिने तो काढून टाकला व क्षमाही मागितली. तरीही तिला अटक झाली आणि महाविद्यालयाने तिचे निष्कासन केले. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिची जामिनावर सुटका केली व निष्कासनाचा आदेश स्थगित केला. बाजू मांडण्याची संधी तिला मिळालीच नव्हती, हे न्यायालयाने नमूद केले. परीक्षेचे दार तिच्यासाठी पुन्हा उघडले.

या विचाराची परंपरा जुनी आहे. १७१८ साली केंब्रिज विद्यापीठाने रिचर्ड बेंटली या विख्यात पंडिताच्या पदव्या त्याचे म्हणणे न ऐकता काढून घेतल्या. तो न्यायालयात गेला. १७२३ साली न्यायमूर्ती फोर्टेस्क्यू यांनी तेथे उत्पत्तीच्या ग्रंथाचे स्मरण करून दिले: प्रत्यक्ष परमेश्वरानेही आदामाला बचावाची संधी दिल्यावाचून शिक्षा सुनावली नाही. बेंटलीला पदव्या परत मिळाल्या.

त्या प्रसंगाचे मर्म असे, की परमेश्वर सर्वज्ञ होता. तू कुठे आहेस, हे त्याला आदामाकडून कळायचे नव्हते. मग त्याने विचारले कशासाठी? कारण ज्याला प्रश्न विचारला जातो, तो व्यक्ती म्हणून उभा राहतो. न विचारता ज्याला बाहेर काढले जाते, तो केवळ वस्तू ठरतो. तेव्हा सुनावणी ही निर्दोष माणसावरची मेहेरबानी नव्हे. ते दोषी माणसाचेही देणे आहे. सुनावणीनंतरही आदामाला बागेबाहेर जावेच लागले. ऐकून घेतल्याने शिस्त ढिली होत नाही. उलट शिक्षेला नैतिक बळ येते.

पण अपील करणाऱ्यावरही बंधन येते. आदामाने स्त्रीकडे बोट दाखवले, स्त्रीने सर्पाकडे. दुसऱ्यावर ढकललेले उत्तर म्हणजे बचाव नव्हे. हजेरी कमी पडली असेल, विषय राहिले असतील, तर ते मान्य करून मगच आजारपण वा घरची अडचण पुराव्यासह मांडावी.

आपल्याकडे मात्र पालक अर्जाऐवजी वशिला शोधतात. कुणा पुढाऱ्याची चिठ्ठी मिळवून हात जोडतात. वशिल्याने एकाचे काम होईल; पण ज्याच्यामागे कोणी नाही, त्याचा हक्क त्याने दुबळा होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनी सरळ वाट दिली आहे. प्रथम संस्थेच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज करावा. समितीने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो. तिचा निर्णय अमान्य असल्यास तो मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते. केवळ गुण वाढवून मागण्यासाठी ही वाट नाही. विशिष्ट अनियमितता वा भेदभाव दाखवावा लागतो.

म्हणून असे पत्र घरी आले, तर आई-वडिलांनी मुलावर संतापण्याआधी त्याला जवळ बसवून विचारावे, काय घडले? महाविद्यालयाने जो प्रश्न विचारावा अशी आपली अपेक्षा आहे, तो आधी आपल्या घरात विचारला गेला पाहिजे.