पाटीचा धडा

दिवेआगरच्या एका वाडीत श्रावणात एक विद्यार्थिनी केवड्याचा वास गोळा करायला आली. वाडी अण्णांची. २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात त्यांच्या पोफळी आडव्या झाल्या, बांधावरचा केवडा तेवढा तगला.

तिचं यंत्र पाहून अण्णांना हसू आलं. मोटारसायकलची बॅटरी, बारा व्होल्टचा चिमुकला पंप, माशांच्या टाकीला लावतात ती प्लास्टिकची नळी आणि भट्टीत मांस भाजायची पारदर्शक पिशवी. पिशवीत कणीस. कोळशातून गाळलेली हवा प्लास्टिकच्या नळीने आत येणार आणि टेनॅक्सची भुकटी भरलेल्या काचेच्या नळीतून बाहेर जाणार. वास भुकटीला चिकटतो. श्रावणातल्या दमट हवेचं पाणी ती फारसं धरत नाही. आयात पंपाच्या किमतीपुढे हा सगळा खर्च किरकोळ. पिशवी मात्र काटे सांभाळून चढवायची, कारण पान दुखावलं तर चेंगरल्या पाल्याचा वास मिसळतो.

काचेच्या नळ्या सहाच होत्या. सहाही ती कणसांना लावायला निघाली.

"रिकाम्या पिशवीला कुठली गो बाय?"

"रिकामीत काय मिळणार, अण्णा?"

"सुपारी जोखताना आम्ही आधी पाटीचा धडा करतो. नाहीतर गिऱ्हाईक पाटीचेही पैसे भरतं."

म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडा, म्हणून तिने एक नळी रिकाम्या पिशवीला दिली.

पुण्यात, नळ्यांतल्या वासाचे घटक वेगळे करणाऱ्या यंत्राने काढलेल्या पाच कणसांच्या आलेखांत फेनिलइथाइल मिथाइल ईथरचा उंच सुळका आला. केवड्याच्या अत्तरात त्याचंच राज्य, त्यामुळे नवल नव्हतं. नवल दुसऱ्या एका सुळक्याचं. तो पाचही आलेखांत होता, आणि तिने वाचलेल्या एकाही निबंधात नव्हता. संगणकाने सुचवलेलं नाव तिने मनावर घेतलं नाही. प्रबंधातल्या नव्या प्रकरणाचं शीर्षक मात्र ठरवून टाकलं. त्या वयात असंच होतं.

संध्याकाळी सहावी नळी यंत्रात गेली. ईथरचा पत्ता नव्हता. दुसरा सुळका मात्र तसाच, तेवढाच उंच. ते थॅलेट होतं. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून घालतात ते, माशांच्या टाकीच्या नळीतून उतरलेलं. संगणक बरोबर होता.

पुढच्या श्रावणात ती टेफ्लॉनची नळी घेऊन आली. पिशव्या आधीच ओव्हनमध्ये तापवून घेतल्या होत्या, आणि दोन काचनळ्या तिने आपणहून बाजूला काढल्या.

"दोन्ही एकाच जागी नको लावूस," अण्णा म्हणाले. "एक बांधाच्या त्या टोकाला लाव. वारा भरडखोलकडून आला की मासळीचा वास आधी तिथे पोचतो."