आजाऱ्यांसाठी ठेवलेलं

नाशिकच्या द्वारका चौकातला गोंगाट सोबत घेऊनच निघा. ट्रकचे हॉर्न, रिक्षावाल्यांच्या हाका, यातलं काहीही झटकायचा प्रयत्न करू नका. मुंबईच्या रस्त्याला पांडवलेणीचा डोंगर लागतो. जुनं नाव त्रिरश्मी. पायऱ्या सावकाश चढा, दम लागेल तिथे थांबा. आवाज आपोआप पातळ होत जाईल.

दहाव्या लेण्याच्या ओसरीत बसा आणि तळहात दगडावर टेका. थंड, काळा बसाल्ट. लाव्हा थिजून झालेला. तो छिन्नीने कोरावा लागला.

आता डोळे मिटा आणि चुनखडीची गुहा मनात आणा. बस्तरमधली कुटुमसर घ्या. तिथे छिन्नी लागली नाही. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्ल होतं आणि चुनखडी विरघळवत खाली उतरतं. छताला थेंब लोंबतो, तेव्हा त्यातला चुना कणभर मागे राहतो. एक थेंब. थांबा. श्वास सोडा. दुसरा थेंब.

हजारो वर्षांनी वरून लोलक लोंबतात, खालून खांब उगवतात. लोक त्यांत शिवलिंग पाहतात. अशा गुहांतलं ठिबकणारं पाणी कुणी तीर्थ म्हणून डोळ्यांना लावतं, कुणी बाटलीत भरून घरी नेतं. त्या पाण्याने दुखणं बरं होतं असं मी मानत नाही. पण त्या बाटलीकडे पाहून मला हसू येत नाही. घरी कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं असतं, म्हणून ती भरलेली असते.

डोळे उघडा.

याच लेण्याच्या अंगणात, भिंतीवर एक ब्राह्मी लेख आहे. तिसऱ्या शतकातला. आभीर राजा ईश्वरसेनाच्या राज्याचं 9 वं वर्ष, उन्हाळ्याचा चौथा पंधरवडा, 13 वा दिवस. विष्णुदत्ता नावाची उपासिका, शक अग्निवर्म्याची मुलगी, रेभिलाची बायको, विश्ववर्म्याची आई. तिने जवळच्या गोवर्धनच्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, कायमची ठेव ठेवली. त्यांत तेल गाळणाऱ्यांची श्रेणी होती, पाण्याची यंत्रं करणाऱ्यांचीही होती. कशासाठी? त्रिरश्मीवरच्या विहारात राहणाऱ्या आजारी भिक्षूंच्या औषधासाठी. भिक्षू कुठून आलेला, कोणत्या पंथाचा, ही अट नाही.

इथे जरा जास्त वेळ थांबा. मला या डोंगरावर सगळ्यात आवडतो तो हाच लेख. सातवाहनांचे पराक्रम तिसऱ्या लेण्यात थाटात कोरलेले आहेत; ते नंतर वाचा. इथे एका बाईला दिसला तो तापाने फणफणलेला, घरदार मागे टाकलेला माणूस. त्याच्या उशाशी बसायला आई नाही. मुद्दल हलणार नाही, व्याजातून औषध येत राहील, आणि ती स्वतः गेल्यावरही ते थांबणार नाही, एवढी सोय तिने केली.

आत जा. भिंतीलगतच्या एखाद्या खोलीत डोकवा. त्यात एक आजारी भिक्षू झोपला आहे असं समजा. बाहेर टाक्यात पावसाचं पाणी साठलेलं. कुणीतरी वाटी घेऊन येतंय. पावलं ऐका.

आता तुमच्या घरचं दुखणाईत माणूस आठवा. नाव घ्या, मनातल्या मनात. त्याची पुढची गोळी किती वाजताची आहे?