वर्तणूक : चांगली

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘अभ्यासातील प्रगती’ आणि ‘वर्तणूक’ असे दोन रकाने असतात. पहिल्यात ‘समाधानकारक’, दुसऱ्यात ‘चांगली’. दाखला वाशिंदच्या शाळेचा घ्या, मुरबाडच्या शाळेचा घ्या की शहापूर तालुक्यातल्या एखाद्या आश्रमशाळेचा. फरक पडलाच तर कारकुनाच्या अक्षरात. वर्गात पहिला आलेला, सहामाहीला शेजाऱ्याचं उतरवताना सापडलेला आणि तोंडी परीक्षेला न फिरकताही वीसपैकी अठरा मिळवलेला, तिघांचीही वर्तणूक चांगलीच. मुख्याध्यापकांचा हिशेब सरळ असतो. पोरगं सुटतंय आपल्या हातून, जाता जाता त्याच्या कपाळी शिक्का कशाला मारा?

ही दया वाईट नाही. ती नेमकी कोणाच्या पदरात पडते, हे मात्र तपासायला हवं.

अमेरिकेत शेकडो विद्यापीठं ‘कॉमन ॲप’ या सामाईक अर्जावर प्रवेश देतात. शाळेत असताना तुमच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली होती का, असा प्रश्न त्या अर्जात बरीच वर्षं होता. ‘हो’ म्हणणाऱ्याला खुलासा लिहावा लागे. म्हणजे नववी-दहावीतली एक कॉपी अठराव्या वर्षी पुन्हा समोर उभी. २०२१-२२ च्या प्रवेशांपासून तो प्रश्न सामाईक भागातून काढण्यात आला. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना ‘हो’ लिहावं लागण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त आहे, असं आकड्यांत दिसलं होतं. गुन्हा कोणी केला यापेक्षा शाळा कोणाला पकडते, यावर ते उत्तर ठरत होतं. ज्या विद्यापीठांना विचारायचंच आहे, ती आजही आपल्या पुरवणी अर्जात विचारू शकतात.

आपल्याकडे असा प्रश्नच नाही. अकरावीचा अर्ज गुण विचारतो, प्रवर्ग विचारतो, पसंतीक्रम विचारतो. परीक्षेत सापडलात तर निकाल रद्द, वर पुढच्या परीक्षांना बंदी, म्हणजे निदान वर्ष गेलं. नाही सापडलात, तर गुणपत्रिकेवर उमटलेला प्रत्येक गुण सोवळा. मधलं काही नाही.

ही रेघ किती तीक्ष्ण असते, ते १९९० साली मुंबई विभागीय मंडळात दिसलं. वाशिंद-मुरबाडचा ठाणे जिल्हा याच मंडळाच्या अखत्यारीत येतो. त्या मार्चच्या दहावीच्या परीक्षेत मॉडरेटरांच्या गुणपत्रकांवर खाडाखोड झाल्याचं उघडकीस आलं. उत्तरपत्रिकेत एक आकडा, गुणपत्रकात दुसरा. मंडळाने २८३ जणांचे निकाल रोखून धरले आणि मुलांना चौकशीला बोलावलं. आकडे वाढवलेले दिसतात, हे मुलांनी मान्य केलं. ते कोणी वाढवले, ते आपल्याला ठाऊक नाही, असंही सांगितलं. मंडळाने निकाल रद्द केले, पुढच्या परीक्षांचं दारही बंद केलं. उच्च न्यायालयात मुलं जिंकली. पण मार्च १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंडळाची बाजू उचलून धरली. पंधरा-सोळा वर्षांचं मूल स्वतः जाऊन गुणपत्रकात खाडाखोड करणार नाही, हे उघडच होतं. तरी फायदा ज्याचा, त्याचा किंवा त्याच्या पालकांचा हात त्यात असणार, असा निष्कर्ष न्यायालयाने परिस्थितीवरून काढला. अशा चौकशीला फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही, हे तत्त्वही तिथे पक्कं झालं.

कायद्याच्या दृष्टीने निकाल चोख आहे. पण पेन ज्याच्या हातात होतं तो मोठा माणूस होता आणि अकरावीचं वर्ष गेलं ते मुलांचं. ही विषमता तेव्हापासून आजवर हललेली नाही.

आता गुणांचं मोल पाहा. वाशिंद हे कसारा मार्गावरचं, भातसेकाठचं गाव. दहावीनंतर ज्याला विज्ञान शाखा हवी, चांगली प्रयोगशाळा हवी, त्याची नजर कल्याणकडे असते. सकाळच्या लोकलमध्ये आसनगाव, वाशिंद, खडवलीहून चढणारी कॉलेजची पोरं याच गणितावर गाडीत असतात. मुरबाडला तर रेल्वेच नाही; तिथलं मूल एसटीने कल्याण गाठतं. २०२५ पासून अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश राज्यभर लागू झाला, त्यामुळे खेड्यातली आणि शहरातली मुलं एकाच पद्धतीच्या गुणवत्ता यादीत येतात. तिथे जागा दशांश टक्क्यावर जाते. एखाद्या केंद्रावर खिडकीतून आलेल्या गाईडच्या पानांनी मिळवलेले पाच गुण हवेत विरत नाहीत. कोणा मुलीची कल्याणची जागा नेऊन तिला गावाजवळच्या, न मागितलेल्या तुकडीत बसवतात. त्या मुलीला हे कधीच कळत नाही. तिच्या लेखी ती फक्त ‘थोडक्यात हुकलेली’ असते.

शिवाय कॉपी म्हणजे नुसत्या चिठ्ठ्या नव्हेत. २०१८ साली दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले वीस गुण बंद झाले आणि निकाल ७७.१० वर आला. ते गुण परत आले, तसा २०२० चा निकाल ९५.३० वर गेला. २०१९ ला अभ्यासक्रमही नवा होता, तेव्हा सगळी घसरण त्या वीस गुणांच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. तरीही एवढी उडी सांगून जाते की शाळा आपल्या हातातले गुण मोजत नाहीत, वाटतात. करोनामुळे परीक्षाच न झालेल्या २०२१ मध्ये अंतर्गत मूल्यमापनावर ९९.९५ टक्के मुलं पास झाली. याला कोणी गैरप्रकार म्हणत नाही. भरारी पथक वर्गात येतं ते बाकाखालच्या मायक्रो झेरॉक्ससाठी; स्टाफरूममधल्या गुणांच्या यादीसाठी नव्हे.

अशा गुणांवरचा विश्वास उडाला म्हणूनच प्रवेश परीक्षांचं राज्य आलं. अभियांत्रिकीला सीईटीचं पर्सेंटाइल लागतं. बारावीचे ४५ टक्के, आणि आरक्षित प्रवर्गाला ४० टक्के, केवळ पात्रतेपुरते उरलेत. ती पात्रताही प्रॅक्टिकलच्या तीस गुणांच्या आधाराने पार पडते. मग ज्याने बारावीला प्रयोगवहीच उतरवून काढली, तो पहिल्या वर्षाच्या गणितात अडकतो आणि एटीकेटीच्या फेऱ्यात फिरत राहतो. अर्जाने न विचारलेला प्रश्न तिथे विचारला जातो, आणि त्याचं उत्तर कोणाकडून उतरवून घेता येत नाही. प्रवेश परीक्षाही धुतल्या तांदळाच्या नाहीत. २०२४ च्या नीट पेपरफुटी प्रकरणात लातुरात जिल्हा परिषद शाळांच्या शिक्षकांवरच गुन्हा दाखल झाला.

हेही लक्षात घ्यायला हवं की पथकाच्या हाती लागतो तो बहुधा एकटा मुलगा. शर्टाच्या बाहीत चिठ्ठी घेऊन आलेला, कोणाचा वशिला नसलेला. जिथे केंद्रच सामील असतं, तिथे पथकाची गाडी फाट्यावर दिसली की आत निरोप पोचतो. नांदेडचे तेव्हाचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी २०१० च्या सुमारास केंद्रांवरच पहारा बसवला, तेव्हा जिल्ह्याचा निकाल धाडकन कोसळला. त्या एका वर्षात नांदेडची मुलं मठ्ठ झाली नव्हती. पुरवठा थांबला होता.

म्हणून दाखल्यावर ‘वर्तणूक : असमाधानकारक’ लिहायला लागा, असा आग्रह कोणी धरला तर तो चुकीचा ठरेल. मुलाची शिक्षा भोगून झाली की तिथेच मिटावी, पुढच्या अर्जात तिचा मागमूस नसावा. आणि ती देण्याआधी त्याचं म्हणणं ऐकलं जावं. उत्तर प्रदेशच्या परीक्षा मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ सालीच हे सांगून ठेवलंय. नोंद टिकायला हवी ती मोठ्यांची. केंद्राच्या २०२४ च्या सार्वजनिक परीक्षा कायद्याने ही दिशा पकडली आहे. उमेदवाराला त्याने फौजदारीतून वगळलं, संघटितपणे पेपर फोडणाऱ्यांना मात्र पाच ते दहा वर्षं कैद आणि किमान एक कोटी रुपये दंड ठेवला. पण तो यूपीएससी, रेल्वे भरती, एनटीए यांच्या परीक्षांना लागू आहे. दहावी-बारावीसाठी महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा १९८२ पासून आहे, आणि कॉपी पुरवणाऱ्यालाही त्यात शिक्षा आहे. २०२५ च्या परीक्षांआधी सरकारने गैरप्रकाराच्या केंद्रांची मान्यता कायमची काढण्याची आणि सामील कर्मचाऱ्यांना बडतर्फ करण्याची घोषणाही केली.

अकरावीचा अर्ज भरणाऱ्या पालकाला महाविद्यालयाचा मागच्या वर्षीचा कट-ऑफ पाहायला मिळतो. त्याच्या शेजारी त्या संस्थेच्या केंद्रावर गेल्या पाच वर्षांत किती प्रकरणं झाली, केंद्रसंचालक कोण होते, पुढे काय कारवाई झाली, हे छापायला काय हरकत आहे? मुख्याध्यापक म्हणतील, कुंपणावर चढून चिठ्ठ्या पुरवणारे बाहेरचे असतात, आम्ही काय करणार? बऱ्याच गावांत ते खरंही असतं. तसं असेल तर त्यांनी त्याच दिवशी पोलिसांत दिलेली तक्रारही तिथेच, त्याच ओळीत छापावी.