पडद्यावर उंची नसते

हैदराबादच्या हुसेनसागरातला बुद्ध एकाच ग्रॅनाइटच्या शिळेतून कोरला आहे. शिळा भोंगीरजवळच्या रायगिरीची, उंची सुमारे 58 फूट, शिल्पकार गणपती स्थपती. 10 मार्च 1990 रोजी तराफ्यावरून नेताना मूर्ती तलावात बुडाली, माणसंही दगावली. ती पाण्यातून निघून चौथऱ्यावर उभी राहायला 1 डिसेंबर 1992 उजाडला. त्याच तलावाजवळ 14 एप्रिल 2023 पासून बाबासाहेबांचा 125 फुटी पुतळा उभा आहे. तो धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या राम सुतारांचा: आत पोलादी सांगाडा, वर ब्राँझचं कवच.

शिल्पकलेत हात श्रेष्ठ की संगणक, हा वाद निघाला की लोक बुद्धाकडे बोट दाखवतात. टाकीचा घाव परत घेता येत नाही, संगणकावर मात्र केलेलं सगळं पुसता येतं, असं म्हणतात. मला ही तुलनाच चुकीची वाटते. डिजिटल शिल्पाचं नातं दगडाशी नाही, मातीशी आहे. मातीत काम करणारा शिल्पकार लगदा चढवतो, खरवडतो, नाक मोडून पुन्हा बसवतो, आणि त्यात कोणाला कमीपणा दिसत नाही. झीब्रश हे डिजिटल शिल्पाचं सॉफ्टवेअर चालवणारी मुलगीही तेच करते. हैदराबादच्या मकुटा स्टुडिओनं 2012 च्या ‘ईगा’ चित्रपटासाठी माशी घडवली. तिच्या इवल्याशा देहातून राग आणि जिद्द कळते. ते शिल्पकाराचंच काम आहे.

खरा फरक आकारमानाचा आहे. पडद्यावर माशी आणि महामानव एकाच मापात दिसतात. बोट फिरवलं की लहान, फिरवलं की मोठं. तलावाकाठच्या त्या पुतळ्याच्या पायाशी उभं राहा. चेहरा आभाळात मागे सरकतो, कोटाच्या कडा अंगावर येतात. एवढ्या उंचीवर प्रमाणं डोळ्यांना फसवतात, म्हणून वरचा भाग किती वाढवायचा हे शिल्पकाराला आधीच ठरवावं लागतं. हा अंदाज टप्प्याटप्प्यानं येतो: लहान नमुना, मग माणसाएवढा, मग त्याहून मोठा. दर टप्प्याला खाली उभं राहून वर बघायचं आणि दुरुस्त करायचं. सुतारांच्याच सरदार पटेलांच्या 182 मीटर पुतळ्यासाठी 30 फुटी नमुना आधी घडवला गेला, मग त्याचं स्कॅनिंग झालं. संगणकानं तिथे वाढवण्याचं काम केलं, बघण्याचं नाही. आता मात्र छोट्या प्रतिकृतीवरून थेट शंभर फुटांवर उडी मारता येते, आणि ती स्वस्तही पडते. मला भीती या उडीची वाटते. तिच्यात बिघडतं ते पुतळा उभा राहिल्यावरच कळतं, आणि ब्राँझ ओतून झाल्यावर कोणी बदलत नाही.

हैदराबादच्या जवाहरलाल नेहरू वास्तुकला व ललित कला विद्यापीठात शिल्पकला आणि ॲनिमेशन दोन्ही शिकवतात. उंचीचा हा अंदाज यावा म्हणून तिथल्या ॲनिमेशनच्या मुलांनी एक मस्तक मातीत घडवावं, गच्चीच्या कठड्यावर ठेवावं आणि खाली अंगणात उभं राहून त्याचं कपाळ पुन्हा ठरवावं. शिल्पकलेच्या मुलांनी तेच मस्तक स्कॅन करून पडद्यावर वाढवायला शिकावं.