कैवार आणि पक्षपात

मंडळीतील एखादी भगिनी नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून कोर्टाची पायरी चढली, की पंचांच्या तोंडी एक वाक्य हमखास येते : "आम्ही कोणाचीच बाजू घेणार नाही." ते बहुधा सरळ मनानेच उच्चारलेले असते. नवराही मंडळीचा सभासद. बंद दाराआड काय घडले ते कोणी पाहिलेले नाही. आणि खरेखोटे ठरवायला न्यायाधीश बसलेला आहे. मग आपण मध्ये का पडावे? प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचा नीट विचार व्हावा.

तटस्थता शोभते ती दोन बरोबरीच्या माणसांमध्ये. तारखेच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात काय दिसते? नवरा वकिलासह येतो, सोबत भाऊ, काका. ती येते मूल कडेवर घेऊन, पिशवीत चार कागद. वकील नाही, माहेर दूर. शिपाई पुकारा करतो तेव्हा आपलेच नाव पुकारले की काय, हेही तिला उमगत नाही. आपल्या सीमाभागात आणि परप्रांतातील मंडळ्यांत आणखी एक अडचण आहे. खालच्या कोर्टाचे कामकाज बेळगावात कन्नडमध्ये, इंदूर-ग्वाल्हेरात हिंदीत, वडोदऱ्यात गुजरातीत. मराठी शाळेत शिकलेल्या बाईला हाती पडलेली नोटीस वाचता येतेच असे नाही. अशा ठिकाणी आपण दूर उभे राहिलो, तर ज्याच्या पाठीशी आधीच माणसे आहेत त्याच्याच पारड्यात आपले वजन पडते.

कायद्याने तिला एकटे सोडलेले नाही, हे आधी सांगितले पाहिजे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून अमलात आहे आणि तो सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. मॅजिस्ट्रेटकडे अर्ज ती स्वतः करू शकते, संरक्षण अधिकारी करू शकतो, किंवा तिच्या वतीने दुसरी कोणतीही व्यक्ती करू शकते. यासाठी घटस्फोट मागावा लागत नाही. मारहाण थांबावी, राहत्या घरातून बाहेर काढू नये, खर्चाला पैसे मिळावेत, एवढेच ती मागत असते. "संसार मोडायला निघाली" असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. शिवाय 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रीला तिचे उत्पन्न कितीही असले तरी सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा किंवा तालुक्याच्या विधी सेवा कार्यालयात अर्ज द्यायचा, किंवा 15100 या क्रमांकावर विचारायचे.

मग ती वकिलाविना का उभी असते? पुष्कळदा हा हक्क तिला कोणी सांगितलेलाच नसतो. पहिली सुनावणी साधारणपणे तीन दिवसांत व्हावी असे कायदा म्हणतो, आणि तेवढ्यात वकील नेमला जाईलच असे नाही. निकाल 60 दिवसांत लागावा ही अपेक्षा आहे. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात. आणि वकील मिळाला, तरी व्हरांड्यातले दोन तास तिचे तिलाच काढावे लागतात.

पौलाने करिंथकरांना कोर्टकचेरीबद्दल दोष दिला, हे काही बंधू पुढे करतात. पण तोच पौल, फटके मारण्यासाठी बांधला गेला तेव्हा, रोमी नागरिक म्हणून आपला हक्क सांगतो आणि पुढे कैसराकडे दाद मागतो. करिंथकरांना त्याने असेही विचारले होते की तुमच्यात निवाडा करणारा एकही शहाणा नाही काय? तीनदा पंचांकडे जाऊन "सोसून घे" एवढेच ऐकलेल्या भगिनीला त्याचे पहिले वचन ऐकवण्याचा अधिकार आपल्याला उरतो का?

मराठी पवित्र शास्त्रात पवित्र आत्म्यासाठी "कैवारी" हा शब्द आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ, हाक मारून जवळ बोलावलेला. कैवारी न्याय देत नाही. तो शेजारी उभा राहतो, म्हणून दुसऱ्याला बोलता येते. न ऐकता निवाडा करणे हा पक्षपात. ऐकून घेतले जावे म्हणून सोबत करणे हा कैवार. इंग्लंडमध्ये 1970 साली मॅकेन्झी नावाच्या खटल्यात हाच भेद वरिष्ठ न्यायालयाने मान्य केला. वकील नसलेल्या पक्षकाराजवळ बसून टिपणे घेणारा, हळू आवाजात सुचवणारा माणूस चालतो, असे ठरले. तो पक्षकार नवरा होता, हेही सांगायला हवे. म्हणजे नवऱ्यालाही सोबत हवी असेल तर ती मिळावी. फक्त दोघांची सोबत एकाच माणसाने करू नये आणि निरोप्या होऊ नये. आपल्याकडे अशा सोबत्याला आत बसायचे असेल तर मॅजिस्ट्रेटची परवानगी विचारावी, कारण ही सुनावणी बंद दाराआडही होऊ शकते.

एका गोष्टीची मात्र आम्हाला भीती वाटते. आपली माणसे सोबतीला जातात आणि व्हरांड्यातच समेटाची बैठक भरवतात. तिथे पाळकसाहेबांपुढे "नाही" म्हणण्याचे धैर्य किती स्त्रियांना होईल? समुपदेशन हवे असेल तर ते सांगण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटला आहे. सोबत्याने तिला काय बोलावे ते पढवू नये, निकालाची हमी देऊ नये, तिची हकीकत उपासनेनंतरच्या चहात आणू नये. रिक्षाचे भाडे द्यावे, कागद तारखेवार लावावेत. शब्बाथशाळेच्या शिक्षिकांनी त्या दिवशी मूल सांभाळले तरी पुष्कळ झाले.

न्यायाधीशाकडे खेपा घालणाऱ्या विधवेचा दाखला आपण मुलांना चिकाटीच्या प्रार्थनेसाठी शिकवतो. तो तसाच शिकवावा. पण तिच्या गावची माणसे कुठे होती, असे एखाद्या मुलाने विचारले तर त्याला गप्प बसवू नये.

आदेश झाला की त्याची प्रत विनामूल्य मिळते. ती मागून घ्यावी. ती कन्नड किंवा गुजरातीत असेल तर मंडळीतल्या जाणत्याने त्याच संध्याकाळी भगिनीला मराठीत वाचून दाखवावी : घरात राहता येईल की नाही, किती रक्कम, कोणत्या तारखेपासून, आणि आदेश मोडला तर कोणत्या पोलीस ठाण्यात जायचे.