मोठी गाडी, अरुंद वाट

वाट रम्य आहे, एवढ्याने ती आपल्याला योग्य ठरते काय? सज्जनहो, प्रश्न लहान दिसतो. पण त्यात धर्माची गोष्ट आहे.

वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यात, बोर नदीच्या काठी घोराड हे संत केजाजी महाराजांचे स्थान आहे. दर्शन झाले की मंडळी म्हणतात, "चला, बोरधरण बघून येऊ." हिंगणीच्या पुढे सागाचे रान. १९७० साली ते अभयारण्य झाले, २०१४ साली व्याघ्र प्रकल्प. आता निजण्या-रांधण्याची सोय असलेली, घराएवढी मोटार घेऊन अशा रानवाटेने शिरावे काय?

सृष्टी पाहावीशी वाटणे हे काही पाप नव्हे, तीही विठ्ठलाचीच. पण समोरून कापसाची बंडी आली, तर खाली कोण उतरणार? बंडीवालाच. म्हणजे हौस आपली अन् खड्डा त्याचा! त्याची तर ती रोजची पोटाची वाट.

कोणी म्हणेल, रस्ता सर्वांचा आहे. खरेच, म्हणून तर तो एकाने अडवू नये. वारकरी वारकऱ्याला भेटला की दोघेही वाकतात, थोर-लहान बघत नाहीत. वाटेवर बाजूला सरणे हेही वाकणेच. जिथे आपल्याला सरता येत नाही, तिथे सारे वाकणे दुसऱ्यावर पडते.

तेव्हा मोठी गाडी सेलूलाच हमरस्त्याजवळ ठेवावी आणि लहान गाडीने पुढे जावे. घर सोडून यात्रेला निघालो, मग चाकावरचे घर घटकाभर मागे राहिले तर काय बिघडले? रान तेवढेच दिसते, अन् बंडीवालाही सुखाने घरी पोचतो.

रामकृष्ण हरी!