एकाच टेबलाशी

जोडून सुट्ट्या आल्या की मुंबईकराला मुंबईबाहेर पडायची घाई होते. लोणावळा, अलिबाग, महाबळेश्वर. द्रुतगती मार्गावर गाड्यांची रांग लागते आणि सुट्टीचा मोठा तुकडा त्या रांगेतच संपतो. 2025 सालचा स्वातंत्र्यदिन शुक्रवारी आला, शनिवारी गोपाळकाला आणि मग रविवार. आम्ही नवरा-बायकोनं ठरवलं की दादर-माटुंग्याची हद्द सोडायची नाही. छत्री घ्यायची, पायी जाता येईल तिथे जायचं, आपल्या आजूबाजूच्या हॉटेलांत जेवायचं आणि घरातला गॅस फक्त चहापुरता पेटवायचा.

अशा बेताला दादरसारखी जागा नाही. शिवाजी पार्कापासून किंग्ज सर्कलपर्यंत चालत गेलं, तर वाटेत मराठी फराळ लागतो, मालवणी मासे लागतात, इराण्याचा चहा लागतो आणि शेवटी केळीच्या पानावरचं उडुपी जेवण. त्या शुक्रवारी तर आणखी गंमत होती. जन्माष्टमीचा उपास होता आणि पारशांचं नवं वर्षही त्याच दिवशी होतं. एकीकडे साबुदाणा भिजत पडला होता, तर दादर पारशी कॉलनीत दारांना फुलांची तोरणं होती आणि घरोघरी रवो आणि शेव होत होती. श्रावण असल्यामुळे मालवणी हॉटेलांत मात्र नेहमीची गर्दी दिसत नव्हती.

उपास म्हणून आम्ही गोखले रोडवरच्या ‘प्रकाश’मध्ये गेलो. साबुदाणा वडे आणि पीयूष मागवलं. जायफळाचा वास असलेलं दाट पीयूष मी लहानपणापासून पीत आले आहे. नवीन होतं ते वेगळंच. वड्यांच्या दोन बशा एकदम आल्या. दोन्ही सारख्याच गरम. आम्ही दोघांनी एकाच वेळी पहिला घास घेतला.

साबुदाणा वडा हा करणाऱ्याला कढईपाशी बांधून ठेवणारा पदार्थ आहे. घाण्यामागून घाणा तळायचा, आतून शिजला आहे ना ते बघायचं, तेल जास्त तापलं तर आच कमी करायची. बाहेर बसलेल्यांच्या बशीत वडे कुरकुरीत असतानाच पडले पाहिजेत. तळणाऱ्याच्या वाट्याला शेवटचे येतात, तेही सगळं आवरून झाल्यावर. पोळ्यांचं तेच, भज्यांचं तेच, घावनांचंही तेच. माझ्या आईनं आम्हाला तव्यावरून ताटात पोळी वाढली. तिच्या स्वतःच्या ताटात अशी पोळी कुणी वाढल्याचं मला आठवत नाही. हे कुणी दुष्टपणानं केलं नव्हतं. घराची रीतच तशी बसली होती, आणि रीत एकदा बसली की ती कुणाच्या नजरेला येत नाही. सणासुदीला आणि सुट्टीला तर स्वयंपाकघर दुप्पट चालतं. घरातल्या सगळ्यांना सुट्टी असते त्या दिवशी एका माणसाला सर्वात जास्त काम असतं.

म्हणून त्या टेबलाकडे मी जरा थांबून पाहिलं. दोन खुर्च्या, समोरासमोर. कुणी आधी नाही, कुणी मागून नाही. वेटरनं मला विचारलं, “ताई, आणखी काय आणू?” मी सवयीनं म्हणाले, “काहीही चालेल.” तो तसाच उभा राहिला. हॉटेलात ‘काहीही’ नावाचा पदार्थ मिळत नाही, काहीतरी एक सांगावंच लागतं. मग मी विचार केला आणि सांगितलं, आणखी एक पीयूष, आणि ते मी एकटी पिणार. नवरा हसला आणि म्हणाला, “तुला इतकं आवडतं हे मला माहीतच नव्हतं.” इतक्या वर्षांच्या संसारात सांगायची वेळच आली नव्हती. आवड सांगायला आधी कुणीतरी विचारावं लागतं, आणि विचारलं की उत्तर द्यायला थोडी उसंत लागते. शेजारच्या साध्या हॉटेलनं आम्हाला दोन्ही दिलं.

या टेबलापर्यंत पोचायला आपल्याकडे बराच काळ लागला आहे. आपल्या जुन्या पंगतींत पुरुष आधी बसत आणि बायका वाढत. त्यांची पंगत मागाहून, उरलेल्या अन्नावर. शहर वाढलं, गिरण्या आल्या, तशी कोकणातून आणि घाटावरून एकटी माणसं मुंबईत आली. बायको-मुलं गावी आणि कामगार इथे, चाळीतल्या एका खोलीत अनेकजण मिळून. त्यांचं पोट भरलं ते खाणावळींनी, आणि त्या खाणावळी चालवणाऱ्या बहुतेक बायका होत्या. आपल्याच खोलीत चूल पेटवून पाळीप्रमाणे डबे भरणाऱ्या या बायकांना कामगार म्हणून कुणी मोजत नव्हतं. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा या बायकांना एकत्र येता आलं आणि बँकेचं कर्ज घेता आलं. गिरणगाव त्यांच्या हातच्या भाकरीवर चाललं. पण त्या स्वतः कुठल्या टेबलाशी बसल्या, कुणी त्यांना वाढलं का, याची नोंद मी कुठे वाचलेली नाही.

हॉटेलांचंही तसंच. दादर स्टेशनजवळचं मामा काणे यांचं उपहारगृह 1910 सालचं, माटुंग्याचं कॅफे मद्रास 1940 चं. कारकून, विद्यार्थी, फिरते विक्रेते, नोकरीच्या शोधात आलेली मुलं, अशा घरापासून दूर राहणाऱ्या पुरुषांचा तिथे राबता असे. घरंदाज बाईनं हॉटेलात खाणं म्हणजे घरच्या चुलीचा अपमान, असं मानणारी पिढी मी पाहिली आहे. “घरी खायला मिळत नाही का?” हा प्रश्न माझ्या आईच्या पिढीनं ऐकला आहे. जुन्या हॉटेलांत आणि इराण्यांकडे मग ‘फॅमिली रूम’ आल्या. लाकडी आडोसा, वर पडदा, आत दोन बाकं. बाईनं आत बसायचं आणि पडदा ओढून घ्यायचा. तरी त्या पडद्याला मी नुसती नावं ठेवणार नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सासू-सासरे, दीर-नणंदांसोबत राहणाऱ्या नव्या जोडप्याला दोन शब्द मोकळेपणानं बोलायला त्या आडोशाखेरीज जागाच नव्हती. चहाचे दोन कप आणि एक बनमस्का घेऊन कितीतरी संसारांची पहिली खरी बोलणी तिथे झाली असतील. किंग्ज सर्कलचं ‘कूलर’ हे इराणी हॉटेल 1932 पासून चहा पाजत आहे. तिथल्या खुर्चीवर बसलं की मला त्या जुन्या जोडप्यांची आठवण येते.

टेबलाची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. एके काळी हॉटेलांच्या पाट्यांवर जात लिहिलेली असे. कुणी कुणाच्या शेजारी बसायचं, कुणाच्या हातचं पाणी प्यायचं, याचे नियम होते. चवदार तळ्याचं पाणी प्यायला 1927 साली महाडला सत्याग्रह करावा लागला, तो याच समाजात. आज दादरच्या कुठल्याही भरलेल्या हॉटेलात वेटर येतो आणि चार खुर्च्यांच्या टेबलाशी दोन अनोळखी माणसांना सरळ आणून बसवतो. कुणाचं आडनाव कुणी विचारत नाही. मिठाची डबी इकडून तिकडे सरकते, “चटणी घ्या ना” म्हटलं जातं. आपल्याला हे इतकं सवयीचं झालं आहे की त्याचं मोल कळत नाही. ज्या समाजात पंगतीवरून माणसं तोडली गेली, तिथे अनोळखी माणसाशेजारी बसून मिसळ खाणं ही फार मोठी कमाई आहे. ती सांभाळायला हवी.

शनिवारी दादरला गोविंदांचा दिवस. गल्लीत हंडी बांधलेली, रस्त्यावर ट्रक, ढोल, पाऊस. आम्ही वाट काढत मामा काण्यांकडे पोचलो आणि बटाटेवडे मागवले. आमच्या पलीकडच्या टेबलाशी महिला गोविंदा पथकातल्या मुली बसल्या होत्या. ओले टी-शर्ट, गुडघ्यांना पट्ट्या, आवाज बसलेले. कितव्या थराला कुणाचा पाय घसरला यावर जोरात वाद चालला होता आणि त्या वादातच वड्यांवर वडे मागवले जात होते. पडदा नाही, आडोसा नाही, कुणाची परवानगी नाही. त्यांच्याकडे पाहताना मला फार बरं वाटलं. आईच्या पिढीला ज्या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही, तो प्रश्न या मुलींना कुणी विचारणारही नाही.

रविवारी माटुंग्याला गेलो. स्टेशनच्या पूर्वेला, बाजाराच्या इमारतीत जिना चढून गेलं की रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग. 1942 सालापासून तिथे जेवण वाढलं जातं. केळीचं पान पुसून समोर येतं, मग भाज्या, पुऱ्या, पापड, सांबार, रसम, भात, ताक. स्वयंपाकघर येऊन पाहा, असं गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगणारं हे ठिकाण आहे. तिथे मी मुद्दाम डोकावले. वाफा, मोठाली पातेली, घामानं निथळणारी माणसं. आमची सुट्टी होती, त्यांची नव्हती. आमच्या पानावर दोघांसाठी एकदम गरम भात पडत होता, कारण तिथे कुणीतरी उभं होतं.

हा विचार सोडून देऊ नये. माझ्या स्वयंपाकघराला सुट्टी मिळाली, म्हणजे ते काम नाहीसं झालं असं नाही, ते दुसऱ्या कुणीतरी केलं. त्याला पगार मिळतो, कामाची वेळ असते, हा फरक मोठा आहे आणि तो मला मान्य आहे. तरीही वेटरचं काम करणारी, भांडी घासणारी बहुतेक मुलं आजही घरापासून दूर आहेत, जुन्या गिरणी कामगारांसारखीच. त्यांच्याशी नीट बोलणं, “अरे ए” अशी हाक न मारणं, पानात घेतलेलं सगळं संपवणं, बाहेर माणसं ताटकळत असतील तर जेवण झाल्यावर उगाच खुर्ची अडवून न बसणं आणि उठताना टीप त्यांच्या हातात देणं, एवढं आपण करूच शकतो. समोरासमोर बसण्याचा मान आपल्याला हवा असेल, तर वाढणाऱ्यालाही तो द्यायला हवा.

मोठ्या हॉटेलात लग्नाच्या वाढदिवसाला जाणं छानच. पण ती वर्षातून एकदाची गोष्ट. शेजारच्या हॉटेलचं मोठेपण हे की तिथे जायला निमित्त लागत नाही, कपडे बदलावे लागत नाहीत, खिशाला फार चाट बसत नाही. त्यामुळे तिथली गोष्ट सवयीची होऊ शकते, आणि संसार बदलतो तो सवयींनी. रोज गॅस, वीजबिल, औषधं, कामवाल्या मावशींची सुट्टी एवढंच बोलणारी दोन माणसं चालत चालत हॉटेलात जातात, पानाची वाट बघत बसतात आणि तेवढ्या वेळात एकमेकांना काहीतरी वेगळं सांगतात. माझ्या नवऱ्यानं त्या सुट्टीत मला त्याच्या कॉलेजच्या मेसबद्दल सांगितलं. तिथे एक म्हातारे आचारी त्याच्या पानात नेहमी चमचाभर तूप जास्त वाढत. हे मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

त्या सोमवारपासून आमच्या घरी आम्ही एक साधी गोष्ट सुरू केली आहे. पोळ्या आधी सगळ्या करून डब्यात ठेवायच्या, भाजी-आमटी टेबलावर आणायची आणि मगच दोघांनी बसायचं. पोळी तव्यावरची नसते, जरा निवते. त्या बदल्यात दोघांना ती सारखीच मिळते, आणि वाढणारा हात कधी त्याचा असतो, कधी माझा. ज्या घरात आई, सासू, वहिनी, बायको अजूनही सगळ्यांच्या मागून जेवते, तिथे हे उद्याच करता येईल. त्यासाठी पैसे लागत नाहीत, मोठी जागाही लागत नाही.

आणि जमलं तर पुढच्या सुट्टीत तिला शेजारच्या हॉटेलात घेऊन जा. वेटर आला की तिच्यासाठी तुम्ही बोलू नका. ती “काहीही चालेल” म्हणाली तर घाई करू नका. तिला काय हवं आहे ते तिच्या तोंडून येऊ द्या, आणि तोपर्यंत थांबा.